मुलांच्या मापाचा जिमखाना

शहरातल्या कौटुंबिक क्लबांत आणि जिमखान्यांत दुपारी चारपासून रात्री आठपर्यंतचा वेळ मुलांचा असतो. शाळा सुटल्यावर मुले तिथे पोहायला, टेनिस-बॅडमिंटन शिकायला, क्रिकेटच्या नेटमध्ये सराव करायला, बुद्धिबळ खेळायला किंवा चित्रे काढायला येतात. या वर्गांना सगळीकडे एकच नाव आहे, बॅच. चारची बॅच लहानग्यांची, साडेपाचची मधल्यांची, सातची मोठ्यांची. पत्त्यांच्या खोलीतले ज्येष्ठ सभासद या वेळेला गोंगाटाची वेळ म्हणतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही.

ही गर्दी वाढण्यामागे शहरांची घडण आहे. मुंबई-पुण्यातल्या कितीतरी शाळांना स्वतःचे मैदान नाही, सोसायटीच्या आवारात गाड्या उभ्या असतात आणि गल्लीत चेंडू टाकायची सोय उरलेली नाही. बॅचच्या वेळा ठरतात त्या शाळेच्या वेळांवरून. जागेच्या टंचाईमुळे अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. सकाळच्या सत्रातले मूल दुपारी एकच्या सुमारास घरी येते, दुपारच्या सत्रातले सहाच्या आसपास. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागचा हेतू. जिथे तो आदेश अमलात आला तिथे लहान मुलांची शाळा दुपारकडे सरकली आणि खेळायला संध्याकाळ तेवढी उरली. संध्याकाळही वर्षभर सारखी नसते. मुंबईत जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या पुढे मावळतो, डिसेंबरच्या आरंभी सहालाच. त्यामुळे साडेपाचची तीच बॅच मे महिन्यात उन्हात खेळते आणि डिसेंबरात दिव्यांखाली.

मोठ्यांची जागा

मुळात ही जागा मुलांसाठी नव्हती. 'जिमखाना' हा शब्दच अँग्लो-इंडियन घडणीचा. 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात त्याचा माग १८६१ मधल्या रुडकीपर्यंत काढलेला आहे; 'गेंदखाना' म्हणजे चेंडू खेळण्याची जागा, आणि त्यातल्या 'गेंद'च्या जागी इंग्रजी 'जिम' येऊन हा शब्द तयार झाला असे मानतात. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, तो युरोपियनांचा. त्याला उत्तर म्हणून मुंबईत पारशी जिमखाना १८८५ मध्ये निघाला आणि पुढच्या दशकात हिंदू आणि इस्लाम जिमखाने उभे राहिले. क्रिकेट हे या सगळ्यांचे मुख्य काम. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर झाला आणि लाला अमरनाथ यांनी तिथे पदार्पणात शतक केले. या इतिहासात मूल शोधावे लागते.

त्याच काळात अमेरिकेत दुसरा नमुना तयार होत होता. बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइनमध्ये १८८२ साली 'द कंट्री क्लब' या नावाचाच क्लब निघाला. लंडनच्या क्लबात पुरुष घरापासून दूर जाऊन बसत. इथे शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत घोडे, पुढे गोल्फ आणि जेवणखाण यांसाठी कुटुंबासह जायचे होते. पुढे अमेरिकाभर असे क्लब पसरले आणि मुलांचे पोहणे, टेनिस, उन्हाळी शिबिरे हा त्यांच्या कामाचा नेहमीचा भाग झाला. 'फॅमिली क्लब' हा शब्द आपल्याकडे वापरला जातो तेव्हा डोळ्यांसमोर असतो तो हा नमुना.

परंतु सभासदांची मुले तिथे खेळू लागली त्याच्या आधी दुसरीच मुले क्लबात आलेली होती, ती कामाला. ब्रुकलाइनच्या क्लबासमोरच राहणारा फ्रान्सिस विमेट हा मुलगा लहानपणी तिथे सभासदांच्या गोल्फच्या पिशव्या वाहायचा. १९१३ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्याने त्याच मैदानावर यूएस ओपन जिंकली. त्या वेळी त्याची पिशवी उचलणारा एडी लोअरी दहा वर्षांचा होता आणि शाळा बुडवून आला होता. पुण्यातली गोष्ट याहून कडू आहे. १८७६ मध्ये जन्मलेले पळवणकर बाळू कोवळ्या वयात पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लोटायचे, जाळी लावायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. फलंदाजीची पाळी त्यांना कधी मिळाली नाही. त्यांची डावखुरी फिरकी त्या अखंड गोलंदाजीतून तयार झाली. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांना घेतले खरे, पण ते चांभार समाजातले असल्यामुळे चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. क्लबाच्या दारातून कोण आत येतो हा प्रश्न या संस्थांना पहिल्यापासून चिकटलेला आहे.

मराठी वळणाचा जिमखाना पुण्यात घडला. डेक्कन जिमखाना ऑक्टोबर १९०६ मध्ये स्थापन झाला. विलायती खेळांबरोबर देशी खेळांनाही तिथे जागा होती. खो-खोचे नियम पहिल्यांदा लिहून काढण्याचे श्रेय या जिमखान्याकडे जाते. गल्लीतला पोराटोरांचा खेळ मैदानाच्या मोजमापात आणि वेळेच्या हिशेबात बसवला गेला, म्हणूनच तो पुढे शाळाशाळांत गेला. १९१९ मध्ये इथल्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा आले होते. अनवाणी धावणाऱ्या धावपटूंच्या वेळा त्यांनी पाहिल्या, आणि दुसऱ्या वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला तो त्यांच्या पुढाकाराने आणि मदतीने.

जिमखान्याला समांतर दुसरी एक धारा होती, व्यायामशाळेची. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. इथे सभासदत्वाची प्रतीक्षायादी नव्हती, बार नव्हता, पत्ते नव्हते. संध्याकाळी मूल चड्डी-बनियनवर यायचे, जुजबी फी भरायचे आणि मातीत उतरायचे. गरिबाच्या मुलाला शाळेनंतरची संध्याकाळ मिळवून दिली ती या संस्थांनी आणि उघड्या मैदानांनी, क्लबांनी नव्हे. दादरचे शिवाजी पार्क हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे रमाकांत आचरेकर सर स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवत; सचिन तेंडुलकरला जो बाद करील ते त्याचे, नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. हाच मुलगा पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडून खेळू लागला तेव्हा क्लबाच्या वयाच्या नियमात तो बसत नव्हता. एवढ्या लहान मुलाला ड्रेसिंग रूममध्ये मज्जाव होता. क्रिकेट प्रशासक राजसिंह डुंगरपूर यांच्या पुढाकाराने क्लबाने नियम वाकवला.

चेंडू हलका, जाळी खाली

नियम वाकवण्याची ही गोष्ट एका मुलापुरती होती. गेल्या काही दशकांत खेळच्या खेळ मुलांसाठी वाकवले गेले आहेत, आणि आजच्या संध्याकाळच्या बॅचमधला सर्वांत मोठा बदल हा आहे. पूर्वी मुलाच्या हाती मोठ्यांची बॅट, मोठ्यांची रॅकेट दिली जायची आणि मूल मोठे होईपर्यंत वाट पाहिली जायची. आता मुलाला थांबावे लागत नाही, खेळच कापून लहान केला जातो.

टेनिसमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. नेहमीचा पिवळा चेंडू सात वर्षांच्या मुलाच्या समोर पडला की उसळून त्याच्या डोक्याशी येतो. मग मूल मागे पळते, किंवा रॅकेट खांद्यावर उचलून कसाबसा फटका मारते, आणि मनगट चुकीच्या पद्धतीने वळवायची सवय जन्मभर लागते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने यावर तीन रंगांचा उपाय काढला. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्के संथ, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. लाल चेंडूचे कोर्ट जेमतेम ११ मीटर लांब आणि जाळी सुमारे ८० सेंटिमीटर उंच. नारिंगीचे १८ मीटर. हिरव्या चेंडूला पूर्ण २३.७७ मीटरचे. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरायला महासंघाने बंदी घातली. त्यामुळे जिमखान्यातल्या एका कोर्टावर आडव्या दोन-तीन छोट्या जाळ्या लागतात आणि जिथे चौघे खेळायचे तिथे बारा मुले खेळतात. कोर्टाच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्या चिटणीसांनाही हा शोध आवडला असावा.

लाल चेंडूच्या बॅचमध्ये पहिले काही दिवस रॅकेट हातात असते, पण काम असते डोळ्यांना. प्रशिक्षक चेंडू टाकतो, मूल तो उसळून वर येईपर्यंत थांबते आणि हाताने झेलते. मग चेंडू रॅकेटवर तोलून कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचे. चेंडू पडला की पुन्हा पहिल्यापासून. वरकरणी हा बालवाडीतला लिंबू-चमचाच वाटतो, आणि आहेही तसाच. चेंडूचा वेग आणि आपला हात यांचा मेळ बसला, की फटका शिकवायला फार वेळ लागत नाही.

बास्केटबॉलमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी रिंग ३.०५ मीटरवरून २.६० मीटरवर आणली जाते आणि चेंडूही लहान, पाच नंबरचा असतो. फुटबॉलमध्ये लहानांना तीन नंबरचा, त्यांच्याहून मोठ्यांना चार नंबरचा चेंडू. क्रिकेटच्या नियमांत तेरा वर्षांखालच्यांसाठी १३३ ते १४४ ग्रॅमचा चेंडू सांगितलेला आहे. मोठ्यांचा साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. तरीही आपल्याकडच्या नेटमध्ये नऊ वर्षांचे मूल बावीस यार्डांच्या पूर्ण खेळपट्टीवर मोठ्यांच्या चेंडूने गोलंदाजी करताना सर्रास दिसते. चेंडू समोरच्या यष्टींपर्यंत पोहोचवायचा म्हणून ते सगळ्या अंगाला हिसका देते. खेळपट्टी चार पावले आखूड केली तर तोच मुलगा नीट हात फिरवून टप्पा टाकू शकतो. टेनिसवाल्यांना जे उमगले ते क्रिकेटवाल्यांना कळत नाही असे नाही. बापाच्या डोळ्यांना आखूड खेळपट्टी 'खरी' वाटत नाही, ही अडचण आहे.

पाणी आणि खांब

पोहण्याची बॅच सर्वांत आधी भरते. गावाकडे मूल विहिरीत पोहायला शिकायचे, पाठीला सुकवलेला भोपळा, पांगाऱ्याचे हलके लाकूड किंवा रिकामा डबा बांधून. काठावर काका किंवा मामा, आणि पहिली उडी बहुधा त्यांच्या ढकलण्यानेच. जिमखान्याच्या तलावात भोपळ्याची जागा फोमच्या पाटीने घेतली आणि ढकलण्याची जागा पायऱ्यांनी. पहिल्या दिवशी पोहणे नसतेच. काठावर बसून पाय मारायचे, मग उथळ तलावात उभे राहून तोंड पाण्यात घालायचे आणि बुडबुडे काढायचे. पाण्यात श्वास सोडता आला की भीती अर्धी उतरते. त्यानंतर तरंगणे. इथे एक साधे यंत्रशास्त्र आहे: शरीर पाण्यावर तराजूसारखे तोलले जाते, छातीत हवा असते म्हणून वरचा भाग तरंगतो. घाबरलेले मूल मान वर काढते, मान वर आली की कंबर आणि पाय खाली जातात, पाय खाली गेले की मूल आणखी घाबरते. म्हणून सर ओरडत असतात ते एकच वाक्य: 'मान खाली, खाली बघ!' तरंगणे जमले की भिंतीला पाय टेकून बाणासारखे सरकणे, मग पाटी धरून पाय मारणे, मग हात. सर्वांत जास्त दिवस जातात ते मान एका बाजूला वळवून श्वास घेण्यात. कित्येक मुले पंचवीस मीटर एका दमात, श्वास न घेताच पार करतात आणि आपल्याला पोहता येते असे घरी सांगतात. पालकांनी विचारायचा प्रश्न किती मीटर हा नसावा; खोल पाण्यात जागच्या जागी दोन मिनिटे तरंगता येते का, हा असावा. पाय घसरून पाण्यात पडलेल्या मुलाला तीच गोष्ट वाचवते.

मल्लखांब सगळ्याच क्लबांत नसतो. व्यायामशाळेत आणि देशी वळणाच्या जिमखान्यांत तो हमखास असतो. दुसऱ्या बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याचे पुनरुज्जीवन केले असे परंपरा सांगते. सागाचा किंवा शिसवीचा खांब जमिनीत पुरलेला, खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला. जाड भाग ते अंग, त्याच्यावर बारीक मान आणि टोकाला गोल बोंड. खांबाला एरंडेल चोळतात, नाहीतर घर्षणाने कातडी सोलवटते. बुळबुळीत खांबावर मूल चढणार कसे हा पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो. मूल हाताने चढत नाही, मांड्यांनी चढते. पहिल्या काही आठवड्यांत फक्त सलामी आणि अढी. दोन्ही हातांनी खांब कवटाळायचा, पाय उचलून मांड्यांच्या कैचीत खांब धरायचा आणि डोके खाली, पाय वर अशा स्थितीत थांबायचे. मग दसरंग, बगली, तेढी, फिरकी, पुढे सुईदोरा, वेल आणि ताजवे. दोरीच्या मल्लखांबात तर पहिली पकड पायाच्या अंगठ्याची: सुती दोर अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामध्ये धरून सगळे शरीर त्यावर उचलायचे. सुरुवातीचे काही दिवस मुली पायाला पट्ट्या लावून शाळेत जातात आणि त्या मिरवतातही. २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर भरली, आणि समर्थ व्यायाम मंदिरातून या खेळाचा देशोदेशी प्रसार करणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

मल्लखांबाला मुलाच्या मापाचे करावे लागले नाही. त्यात मूल हलके असणे ही अडचण नसून सोय आहे: उचलायचे वजन आपलेच, आणि ते जितके कमी तितके बरे.

किती, केव्हा, कशासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. तासाभराच्या बॅचमध्ये रांगेत उभे राहण्याचा वेळ वजा केला तर हा तास भरत नाही. बारा मुले, एक प्रशिक्षक आणि एक चेंडू अशा बॅचमध्ये मूल मुख्यतः पाळीची वाट पाहण्याचा व्यायाम करते. बॅच निवडताना पालकांनी दहा मिनिटे कट्ट्यावर बसून एकाच मुलाकडे पाहावे आणि त्याला किती वेळा चेंडू मिळतो हे मोजावे. प्रशिक्षकाची पदके भिंतीवर असतात. हा आकडा तिथे लिहिलेला नसतो.

मैदानावरच्या संध्याकाळचा एक फायदा खेळाचा नसून उजेडाचा आहे. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीतल्या मुलांना रोज शाळेतच चाळीस मिनिटे जादा बाहेर ठेवून तीन वर्षे पाहणी केली गेली. २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले: बाहेर राहिलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना लांबचा चष्मा लागण्याजोगी दृष्टी आली, इतरांपैकी ३९.५ टक्क्यांना. दिवसाच्या लख्ख प्रकाशाचा नेत्रगोलाच्या वाढीवर परिणाम होतो असे मानले जाते. हे गणित फ्लडलाइटला लागू होत नाही, कारण दिव्यांचा प्रकाश डोळ्यांना कितीही प्रखर वाटला तरी उघड्या आकाशाच्या मानाने तो फारच मंद असतो. हिवाळ्यात म्हणून साडेपाचपेक्षा चारची बॅच बरी.

उलटा प्रश्नही आहे, अतिरेकाचा. दहा वर्षांचा मुलगा सकाळी क्रिकेट अकादमीत, संध्याकाळी नेटमध्ये आणि रविवारी सामन्यात, वर्षाचे बाराही महिने. वाढीच्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो. तिथूनच हाड लांब होत जाते. एकच हिसका हजारदा बसला की इजा तिथे होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ चा सल्ला असा आहे, की एकाच खेळाला वाहून घेणे निदान पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी असावी आणि वर्षभरात, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी का होईना, तीन महिने त्या खेळापासून दूर राहावे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा घातलेली आहे. अनेक खेळांची दारे एकाच आवारात असणे ही जिमखान्याची खरी श्रीमंती. सोमवारी पाणी, बुधवारी रॅकेट, शनिवारी खांब असे वेळापत्रक इथे शक्य असते. एकाच खेळाच्या अकादमीत ते नसते.

पाऊस, परीक्षा आणि कॅन्टीन

महाराष्ट्रात तीन महिन्यांची सुट्टी पाऊसच देतो. जूनच्या मध्यावर मातीच्या कोर्टांवर ताडपत्र्या पडतात, क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या जातात आणि सगळी गर्दी छपराखाली येते. टेबल टेनिसच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसते. कॅरमचे बोर्ड बाहेर निघतात, पावडरीचे डबे फिरू लागतात. बुद्धिबळाच्या बॅचचे बरे दिवस हेच. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून पटाभोवती मुलीही पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. वरच्या मजल्यावरच्या सभागृहात चित्रकला, तबला, कथक. यांतले पुष्कळ वर्ग परीक्षेच्या भोवती फिरतात: चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, संगीत-नृत्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका. या परीक्षांचे आणि वरच्या स्तरावरच्या क्रीडास्पर्धांचे जादा गुण दहावीच्या निकालात धरले जातात. त्यामुळे सातवी-आठवीत या वर्गांना अचानक भरती येते आणि दहावीच्या उंबरठ्यावर ओहोटी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तलावावर शिट्टीचा आवाज नुसताच घुमतो. एप्रिल-मेची उन्हाळी शिबिरे ती पोकळी भरून काढतात, आणि दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या कोपऱ्यात मातीचा किल्ला उभा राहतो, अळिवाच्या हिरवळीसकट.

बॅच कशी चालते हे प्रशिक्षकावर असते. जुन्या क्लबांत 'मार्कर' असायचा: पगारी खेळाडू, सभासदांबरोबर टेनिस किंवा स्क्वॉश खेळायचा आणि जमेल तसे शिकवायचाही. आजचे सर किंवा मॅडम बहुधा ठेक्यावर असतात. बॅचच्या फीमधला ठरलेला हिस्सा त्यांचा, उरलेला क्लबाचा. मुले जितकी जास्त तितकी कमाई जास्त, आणि बारा मुलांमागे एक प्रशिक्षक हे गणित तिथूनच येते. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी मात्र क्लबाची. तलावावर शिकवणाऱ्याखेरीज पाण्यावर नजर ठेवणारा वेगळा माणूस हवा, कपडे बदलायच्या खोल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या वेगळ्या हव्यात, आणि प्रशिक्षकाची चौकशी करूनच त्याला नेमायला हवे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरतो. 'क्लबाचे नाव खराब होईल' हे कारण कायद्याला चालत नाही.

दोन बॅचच्या मधला अर्धा तास कुठल्याही वेळापत्रकात नसतो. पोहून आलेली मुले ओल्या केसांनी कॅन्टीनच्या खिडकीशी उभी असतात, बटाटेवड्याची प्लेट आजोबांच्या सभासद क्रमांकावर लिहिली जाते आणि कोकम सरबताचे ग्लास टेबलावर गोल ठसे उमटवतात. मग मागच्या मोकळ्या तुकड्यावर, जिथे खेळू नये अशी पाटी असते, लपाछपी किंवा बाद-बाद सुरू होते. शिकवणारा कोणी नाही, चेंडूचा रंग ठरलेला नाही, भांडण झाले तर निवाडा आपणच करायचा. इतर सगळ्या खेळांत मोठ्यांनी मुलांचे माप घेतलेले असते. इथे मुले स्वतःच मापे ठरवतात. कच्चा लिंबू कोण, धाकट्याला किती पावलांची सूट, अंधार पडल्यावर राज्य कुणावर, हे सगळे सात वर्षांची मुलगीही बिनचूक सांगते.

सव्वासातला गेटपाशी रिक्षा आणि स्कूटरी लागतात, सातच्या बॅचमधली मोठी मुले दिव्यांखाली ताणाचे व्यायाम करत असतात. पालकांच्या सभासदत्वावर मिळालेले मुलाचे कार्ड बहुतेक क्लबांत एकविसाव्या किंवा पंचविसाव्या वर्षी बंद होते. त्यानंतर त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करायचा, शुल्क भरायचे आणि काही ठिकाणी यादीत नाव वर येण्याची वाट पाहायची. बाहेरून फी भरून येणाऱ्या मुलाचे कार्ड त्याआधीच, बॅच संपली की, काउंटरवर परत घेतले जाते.